कुर्ल्याच्या फियाट कारखान्याची खोली, डिचोली: लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

हे नेमकं काय आहे? म्युझियम की कोणाचं घर?

दोन्ही. डिचोली तालुक्यात आमचं जुनं घर आहे, त्याची वसरी आणि मागची गाडी ठेवायची शेड, एवढ्या जागेत मुंबईत कुर्ल्याला फियाट गाड्या बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्याची आठवण ठेवली आहे. बाबा तिथं टूल रूमला फिटर होते, १९६६ ला लागले आणि रिटायर होऊन गावी आले ते एक पत्र्याची पेटी घेऊन. ती पेटी पहिली वस्तू. मग शेजारच्या वाड्यावरच्या काकांनी त्यांचा गेटपास आणून दिला, पेडण्याहून एकांनी डांगरी आणली, आणि असं वाढत गेलं. लोक बोलताना म्युझियम म्हणतात, आम्ही घरात खोली म्हणतो. इथं गाडीपेक्षा गाडी बनवणाऱ्या माणसांचं जास्त सापडेल, हे आधीच सांगून ठेवतो कारण काही जण व्हिंटेज गाड्यांची रांग बघायला म्हणून येतात.

कारखाना मुंबईत, मग त्याची आठवण गोव्यात कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला तो आवडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कुर्ल्याला कारखाना होता तिथं आता कारखान्याचं काहीच नाही. मशीन गेली, शेड गेल्या, गेट गेलं. पण कारखान्यात जी माणसं होती त्यातली कितीतरी कोकणातली, घाटावरची, सातारा कोल्हापूरची, आणि काही आपली गोव्याची. ही माणसं वर्षभर मुंबईत चाळीत राहायची, पण घर म्हणजे गाव. बाबा करी रोडच्या चाळीत सात जणांबरोबर एका खोलीत राहिले, तिथं स्वतःची पेटी ठेवायला कॉटखालची दीड फूट जागा. त्यामुळे जपायचं असं जे काही असेल ते चवथीला गावी यायचं. तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं पणजीला उतरायचं, तिथून डिचोलीला बस, आणि बॅगेत आम्हाला खाऊ असायचा तसं जुनं पंच कार्ड, युनियनची पावती, कॅलेंडर, कधी एखादा मोडका बिल्ला पण असायचा. आई ते सगळं माळ्यावरच्या डब्यात टाकायची.

म्हणजे कारखाना मोडला तेव्हा मुंबईत तो पूर्ण पुसला गेला, पण गावागावातल्या माळ्यांवर तो तुकड्या तुकड्यानं शिल्लक होता. माळ्यावरचं ते खाली आणलं, एवढंच आम्ही केलं. अशी खोली सावंतवाडीला होऊ शकते, चिपळूणला होऊ शकते, व्हायला पाहिजे.

गोव्यात कधी कारचा कारखाना होता का?

कारचा नाही. सत्तरीत होंड्याला बसच्या बॉडी बनतात, ती कंपनी १९८० ची, आणि उसगावला टायरचा मोठा कारखाना आहे. दोन्हीकडचे कामगार आमच्याकडे येऊन गेलेत, आणि बॉडी शॉपमधला माणूस आला की तो पत्र्यावर हात फिरवूनच बघतो, डोळ्यांनी नाही.

कारखाना सुरू कधी झाला, तिथं काय काय बनायचं?

कंपनी १९४४ ची, वालचंद हिराचंद यांनी काढलेली. वालचंद सोलापूरचे. साखर, जहाजं, विमानं, सगळ्यात हात घातलेला माणूस. देशात मोटारी बनाव्यात म्हणून विश्वेश्वरय्या तिसाच्या दशकापासून मागे लागलेले होते, त्या धडपडीतनंच हे पुढं आलं. आधी अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार होता, १९४७ पासून डॉज, प्लिमथ, डी सोटो अशा गाड्या इथं जोडायला लागले, ट्रक पण. मग इटलीच्या फियाटशी करार झाला, १९५१ ला छोटी फियाट ५००, १९५४ ला ११००, आणि तिथून पुढं मुंबईत गाडी म्हटलं की फियाटच. आमचे बाबा शेवटपर्यंत कंपनीला "फियाट"च म्हणायचे, प्रीमियर हे नाव फक्त पगाराच्या पाकिटावर.

डुक्कर फियाट, डिलाइट, प्रेसिडेंट, पद्मिनी, या वेगवेगळ्या गाड्या की एकच?

डुक्कर वेगळी, बाकीच्या जवळपास एकच. पन्नाशीच्या दशकातली गोल नाकाची जी ११००, तिचं नाक पुढून डुकरासारखं दिसतं म्हणून लोकांनी तिला डुक्कर फियाट म्हटलं. ते प्रेमानं म्हटलेलं आहे, अजून ज्यांच्याकडे ती आहे ते अभिमानानं सांगतात. १९६४ ला चौकोनी अंगाची ११०० डिलाइट आली. मग फियाटचं नाव जाऊन तीच गाडी प्रीमियर प्रेसिडेंट झाली, आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी, चितोडच्या राणी पद्मिनीवरून. १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, चार सिलिंडर, स्टिअरिंगला गिअर, मागच्या चाकांना ओढ, मागं पाटे. थोडेफार बदल झाले, पुढं डिझेल आली, जमिनीवर गिअर असलेली एस वन आली, पण सांगाडा तोच, म्हणजे १९६४ चा साचा पस्तीस वर्षं चालला. साच्याला म्हणजे डायला झीज होते, आणि ती झीज भरून काढायची, घासून परत मापात आणायची, हे काम टूल रूमचं. बाबा म्हणायचे, दार नीट लागतंय की नाही ते डायवाला ठरवतो, दार लावणारा नाही.

मग कारखाना बंद का पडला?

एका ओळीत उत्तर पाहिजे असतं लोकांना. कोणी म्हणतं संपामुळे, कोणी म्हणतं मारुतीमुळे, कोणी म्हणतं मालकांनी जमिनीसाठी केलं. मी इथं बसून इतक्या माणसांचं ऐकलंय की एका ओळीत सांगायला मन होत नाही.

पहिली गोष्ट, लायसन्सचा काळ. देशात कार बनवणारे मोजून तिघं, उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्स, मुंबईत प्रीमियर, मद्रासला स्टँडर्ड. किती गाड्या बनवायच्या ते पण सरकार ठरवणार. गाडीसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. ज्या मालाला गिऱ्हाईक रांगेत उभं आहे तो माल बदलायची घाई कोणाला होणार?

मग १४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० ची पहिली चावी दिली गेली आणि हलकी, जपानी बनावटीची, सकाळी एका सेल्फला सुरू होणारी गाडी रस्त्यावर आली. आमच्या मडगाव म्हापशाच्या रस्त्यांवर पण दहा वर्षांत चित्र बदललं, डॉक्टर वकील लोकांच्या अंगणातली फियाट जाऊन तिथं मारुती आली. प्रीमियरनी प्रयत्न केले नाहीत असं नाही हां. १९८५ ला ११८ एनई काढली, निस्सानचं इंजिन घालून. १९९१ नंतर देशानं परदेशी कंपन्यांना दारं उघडली तेव्हा फ्रेंच पेजोबरोबर भागीदारी करून कल्याणच्या कारखान्यात ३०९ बनवली, मग फियाट परत आली, युनो आली. पण कल्याणला कामगारांचा वाद पेटला, युनोसाठी पैसे भरून बसलेल्या लोकांना गाडी मिळेना, आणि तोपर्यंत ह्युंदाई, देवू, टाटा इंडिका सगळे बाजारात उतरले होते.

एप्रिल २००० पासून देशभर धुराचे नवीन नियम लागले. कार्ब्युरेटरवरच्या त्या जुन्या इंजिनाला ते झेपणारं नव्हतं.

यात एकाच माणसाला किंवा एकाच पक्षाला दोषी धरून पाटी लावा असं सांगणारे येतात. लावणार नाही.

बंद नेमका कोणत्या तारखेला झाला?

इथं लोक चक्रावतात, कारण कारखाना एका दिवशी मरत नाही. पद्मिनी बनायची थांबली ती २००० च्या सुमारास. पण त्याच कुर्ल्याच्या जागेत फियाटची स्वतःची कंपनी युनो, सिएना, पालियो बनवत राहिली, आणि मग फियाट टाटांबरोबर पुण्याजवळ रांजणगावला गेली तेव्हा कुर्ल्याचं गाडी बनवणं संपलं. रस्त्यावरचा शेवट आणखी नंतरचा. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओला २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळीपिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. त्या दिवशी आमच्याकडे वसरीवर सतरा माणसं जमली होती, ठरवून नाही, बातमी वाचून आपापली आली. चहा झाला. कोणी भाषण वगैरे केलं नाही, एकानं फक्त विचारलं, आता होर्डिंग लावायचं काय, आणि दुसरा म्हणाला, नको.

त्या जागेवर आता काय आहे?

कोहिनूर सिटी. मोठ्या इमारती, ऑफिसं, हॉस्पिटल. प्रीमियर रोड हे नाव तेवढं उरलंय. मी बाबांना घेऊन एकदा गेलो होतो, विद्याविहारला उतरून चालत. त्यांनी एका इमारतीच्या पार्किंगकडे बोट दाखवून सांगितलं की इथं आमचं कॅन्टीन, आणि मग स्वतःच म्हणाले की नाही, कॅन्टीन जरा पुढं. अर्धा तास आम्ही कॅन्टीन शोधत होतो. परत आल्यावर त्यांनी आठवून आठवून एक नकाशा काढला, तो शाळेच्या वहीच्या चार पानांचा नकाशा आत भिंतीवर आहे. इतर कामगार आले की त्यावर पेन्सिलनं दुरुस्त्या करतात, प्रेस शॉप दोनदा सरकलंय. तो खोडलेला नकाशा हीच माझ्या मते खोलीतली सगळ्यात मोलाची वस्तू.

आत पूर्ण गाडी आहे का? बसून फोटो काढता येईल का?

गाडी आहे पण अर्धी उघडी. म्हापशाला भंगारात निघालेली पद्मिनी घेतली, उजवी बाजू रंग देऊन नीट केली आणि डावी बाजू मुद्दाम पत्र्यापर्यंत खरवडून ठेवली, म्हणजे कुठं स्पॉट वेल्डिंगचे ठिपके आहेत, कुठं दोन पत्रे एकमेकांवर चढवलेत, छप्पर खांबाला कसं जोडलंय ते दिसतं. शाळेची मुलं आली की मी ठिपके मोजायला लावतो. सुमारे ९०० किलोची गाडी, आणि त्यातला प्रत्येक ठिपका कोणीतरी बंदूक धरून पाडलेला आहे, तेव्हा रोबो नव्हते.

फोटो काढा, कितीही. आत बसायचं तर उजव्या दारानं, पुढच्या लांब सीटवर, तिघं आरामात बसतात. दार आपटू नका, हळू ओढलं तरी लागतं. डाव्या बाजूला हात लावायचा नाही कारण हाताच्या घामानं गंज धरतो, आणि आपल्याकडे खाऱ्या हवेत आणि पावसात लोखंड टिकवणं काय असतं ते गोव्यातल्या माणसाला सांगायला नको. दर पंधरा दिवसांनी तेलाचा हात मारतो.

गाडीच्या पेट्रोल पंपावर ओला फडका ठेवलाय, तो कोणी विसरलाय का?

नाही, तो मुद्दाम आहे. या इंजिनाचा पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटलेला असतो, उन्हात घाट चढताना तो इतका तापतो की आतल्या पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ओढत बसतो आणि गाडी बंद. मग बोनेट उघडून ओला फडका पंपावर टाकायचा, दहा मिनिटं थांबायचं, परत सेल्फ. अनमोड घाटात किंवा आंबोलीला ज्यांनी फियाट चालवली आहे त्यांना हा फडका बघून जे आठवतं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. एक आजी आल्या होत्या, त्यांनी सांगितलं की लग्न होऊन सासरी येताना घाटात गाडी थांबली आणि फडका म्हणून नवऱ्याचं उपरणं भिजवून टाकलं. उपरण्याला पेट्रोलचा वास वर्षभर होता म्हणे.

युनियनचे बिल्ले आणि पत्रकं लावलीत, म्हणजे तुम्ही एका बाजूचे आहात का?

डॉ. दत्ता सामंतांची युनियन प्रीमियरमध्ये होती, आणि कारखान्याची गोष्ट सांगताना ती गाळली तर अर्धी गोष्ट गेली. पगार वाढले म्हणून गावाकडे कौलं बदलली, बहिणींची लग्नं झाली, आमच्या घराची मागची पडवी त्याच पैशांतली. संपाच्या महिन्यांत उधारीवर काढलेले दिवस पण आहेत, त्या दुकानाच्या उधारीची वही पण ठेवली आहे, दुकानदाराच्या मुलानंच आणून दिली. सामंतांचा १६ जानेवारी १९९७ ला पवईला खून झाला, त्या दिवसाचं वर्तमानपत्र बाबांनी जपलं होतं. सुपरवायझर होते त्या काकांची वही सुद्धा आहे, त्यात त्यांना संपकऱ्यांचा राग आहे, ती वही पण तशीच उघडी ठेवली आहे. बिल्ला आणि ती वही एकाच काचेखाली आहेत.

पाट्या मराठीत का? कोकणीत का नाहीत?

बाबांच्या आणि बहुतेक कामगारांच्या वह्या मराठीत आहेत, कारखान्यातली बोली मराठी होती, पाट्यांवरचे शब्द त्यातलेच उचललेत. पाना, कानस, पाळी, भोंगा, हजेरी. समजावून सांगतो मात्र तुम्ही ज्या भाषेत बोलाल त्यात, घरात आम्ही कोकणीच बोलतो. गोव्यातल्या सासष्टीच्या एका गृहस्थांनी त्यांच्या वडिलांचं रोमी कोकणीतलं, म्हणजे रोमन लिपीतलं पत्र दिलंय, ते वडील पेंट शॉपला होते आणि धोबी तलावला गावच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या मुंबईतल्या क्लबात राहायचे, ते पत्र तसंच लावलंय.

असं म्युझियम आणखी कुठं आहे का?

अमेरिकेत साउथ बेंडला स्टुडबेकरचा कारखाना डिसेंबर १९६३ ला बंद झाला, आणि १९६६ ला कंपनीनं स्वतःचा गाड्यांचा संग्रह शहराला देऊन टाकला, तो आज तिथं बघता येतो. स्वीडनला ट्रोलहेटनमध्ये साब कंपनी २०११ च्या डिसेंबरात दिवाळखोर झाली, संग्रह विकून विखुरला जाणार होता तेव्हा नगरपालिका आणि आणखी दोघांनी मिळून तो विकत घेतला आणि गावातच ठेवला. आपल्याकडे उत्तरपाड्याला ॲम्बेसेडर २०१४ च्या मे महिन्यात थांबली, तिच्या नावाचे हक्क पुढं पेजोला ८० कोटींना विकले गेले. नावाला किंमत आली, हत्यारांना भंगाराचा भाव. कुर्ल्याला शहरानं काही ठेवायला पाहिजे होतं असं मला मनापासून वाटतं, एक शेड तरी, एक प्रेस तरी.

गोव्यात जुनी चाकं बघायची आवड असेल तर बाणावलीला गोवा चित्र जरूर बघा, तिथं देशभरातल्या बैलगाड्या, रथ जमवलेत, आणि एकेक गाडी बनवणाऱ्या सुताराची अक्कल दिसते.

वेळ, तिकीट, पार्किंग?

रविवारी सकाळी दहा ते एक, बाकी दिवशी कोणी घरी असेल तर. तिकीट नाही. चवथीचे पाच दिवस, शिगम्याचे दिवस बंद. मोठी बस गावात वळत नाही, देवळाकडे लावून चालत या, पाच मिनिटं. गावात फियाटवालं घर विचारा, कोणीही दाखवेल.

आमच्याकडे जुनी फियाट आहे, विकत घ्याल का? पार्ट मिळतील का?

गाडी घेत नाही, जागा नाही. पार्ट विकत नाही. पण गाडी चालती असेल तर भंगारात देऊ नका, दुरुस्त करणारे जुने मिस्त्री म्हापसा, फोंडा, मडगावला अजून आहेत, कोणाच्या हातात फियाट बसलेली आहे ते भेटल्यावर सांगतो.

घरात कारखान्यातल्या वस्तू आहेत, कशा आणायच्या?

आणा, पण घासून पुसून नका आणू. हे हात जोडून सांगतो. एका ताईंनी वडिलांचा पितळी बिल्ला आणण्याआधी चिंच लावून इतका चकचकीत केला की त्यावरचा कोरलेला नंबर जवळपास गेला, आणि त्या नंबरावरनंच कुठलं खातं ते कळलं असतं. ग्रीसचा डाग असू दे, डांगरीवरचा रंगाचा शिंतोडा असू दे, पेंट शॉपच्या एका डांगरीवर चार रंग आहेत आणि कोणत्या वर्षी कोणते रंग चालायचे ते सांगणारे काका दर रविवारी येतात. पगाराची पाकिटं, कॅन्टीनची कुपनं, रजेचे अर्ज, ग्रुप फोटो, डबा सुद्धा चालेल. भोंग्याचा आवाज कोणी टेपवर धरलेला असेल तर तो आम्हाला हवाच आहे, आतापर्यंत तिघांनी तोंडानं काढून दाखवला आणि तिघांचा वेगळा. आणि वस्तूबरोबर घरातलं जे म्हातारं माणूस तिथं कामाला होतं त्यांनाही आणा, पायऱ्या दोनच आहेत, वसरीवर पाठीची खुर्ची ठेवली आहे.